गोड अंड्याचा उन्हाळा

यंदाही चैत्र आलाच. लातूरचं ऊन सकाळी आठलाच अंगावर यायला लागलं. गल्लीच्या तोंडाशी टँकरचा भोंगा वाजला की माझे पाय अजूनही आपोआप उचलले जातात. आता आमच्याकडे बोअर आहे, वर टाकी आहे, चार-आठ दिवसांनी का होईना नळाला पाणी येतं. तरी भोंगा ऐकला की पहिल्यांदा मनात येतं, घागर कुठाय? परीक्षेची पोरं पॅड काखेत मारून चाललेली दिसतात. कडुलिंबाखाली ती बारीक पांढरी फुलं पडलेली असतात. त्यांचा वास नाकात गेला की माझ्या जिभेवर एक चव येते. ती लिंबाची नाही आणि आंब्याचीही नाही. अंड्याची आहे. आमच्या घरात हे वाक्य मोठ्यानं म्हणायची सोय नाही, म्हणून इथं लिहिते.

आम्ही लिंगायत. मूळ गाव चाकूरजवळ. तिथं आज्जाची शेती आणि किराणा-भुसाराचं लहानसं दुकान. आईला आम्ही अव्वा म्हणायचो, वडिलांना अप्पा. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि आंघोळ करून लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही, हे आमच्याकडं पाळण्यातल्या लेकरालाही ठाऊक. मला आठव्या वर्षी दीक्षा मिळाली. जंगमस्वामींनी कानात मंत्र सांगितला, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग बांधलं आणि म्हणाले, बाई, हे आता तुझ्या जिवासंगट. मांसमच्छीचा तर प्रश्नच नव्हता. अंडं हा शब्दसुद्धा घरात कुणी उच्चारत नसे. दुकानात एखाद्यानं विचारलंच तर आज्जा ‘ते आमच्याकडं नसतंय’ म्हणून तोंड फिरवायचा. ‘ते’ म्हणजे काय, हे गिऱ्हाइकाला बरोबर कळायचं.

आज्जाची एक आवडती गोष्ट होती. त्याच्या चुलत्याचं लिंग म्हणे पाणी शेंदताना विहिरीत पडलं. चुलता विहिरीच्या काठावर बसला तो उठलाच नाही. अन्न नाही, पाणी नाही. चौथ्या दिवशी बुडी मारणाऱ्याला ते गाळात सापडलं, तेव्हा कुठं त्यानं पहिला घास घेतला. आज्जा ही गोष्ट नेमकी जेवताना सांगायचा. आम्ही पानात टाकू नये, अन्नाची किंमत कळावी, एवढाच त्याचा हेतू. पण गोष्टीतून काय घ्यायचं ते पोरं आपल्या मनानं घेतात. मी घेतलं ते असं की, लिंगाशी काही चुकलं तर आधी जेवण बंद.

लातूरचा जिल्हा झाला तेव्हा मी तिसरीत होते. शहराला लग्नघराची कळा आली होती. जो तो पाट्या रंगवून घेत होता. जिथं काल ‘तालुका लातूर, जिल्हा उस्मानाबाद’ होतं तिथं आज नुसतं ‘लातूर’ दोन वेळा लिहिलेलं, आणि त्या दुसऱ्या ‘लातूर’चा लोकांना कोण अभिमान! अप्पा कारकून होते, त्यांची बदली नव्या कचेरीत झाली. आम्ही बिऱ्हाड घेऊन आलो. नव्या जिल्ह्याला माणसं पुरत नव्हती आणि माणसांना खोल्या. कुणा शेठनं घाईघाईनं पाच खोल्यांची चाळवजा ओळ बांधली होती. वर पत्रे, भिंतींना गिलावा नाही, विटा तशाच लाल. त्यातली मधली आमची. गावात असताना आमचा शेजार म्हणजे आमचीच भावकी. इथं एका बाजूला अंबाजोगाईचे मास्तर, दुसऱ्या बाजूला मुदखेडची सुशीला सिस्टर. जात न विचारता शेजार मिळण्याची आमच्या सात पिढ्यांतली ती पहिलीच वेळ.

सिस्टर दवाखान्यात नर्स होती. ख्रिश्चन. चाळिशीची, सडपातळ, एकटीच राहायची. मुदखेडला तिची आई आणि रेल्वेत कामाला असलेला भाऊ. धाकटी बहीण नर्स होऊन आखाती देशात गेलेली. सिस्टरचं बोलणं मोठं गोड, मराठीत अर्धं उर्दू मिसळलेलं. मला ‘बेटा’ म्हणायची. अव्वाचं आणि तिचं चांगलं जमायचं. माझ्या धाकट्या भावाला गोवर आला तेव्हा ती ड्युटीवरून येऊन आधी त्याला बघायची, मग आपली चूल पेटवायची. तरी अव्वाचा नियम पक्का होता. सिस्टरकडं जायचं, बसायचं, तिचं काम करायचं; तिच्या घरचं खायचं नाही. सिस्टरला तो नियम माहीत होता. तिनं कधी आग्रह केला नाही आणि कधी तोंडही वाकडं केलं नाही. आज विचार केला की मला त्याचं वाईट वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं, हेही खरंच.

दोन पावसाळे कोरडे गेले आणि दुष्काळ आला. मांजरेच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळायला लागली. टँकरच्या लायनीतल्या बाया म्हणायच्या, जिल्हा आला न् पाणी गेलं. पुढं आयुष्यात मी पुष्कळ दुष्काळ बघितले, लातूरला रेल्वेनं पाणी आलेलंही बघितलं, पण त्या उन्हाळ्याची तहान वेगळी होती, कारण तेव्हा मी तिला पहिल्यांदाच ओळखत होते. आंघोळीला एकेक तांब्या. तोही परातीत उभं राहून, म्हणजे तेच पाणी पुढं फरशीला, फरशीचं तुळशीला. पूजेचं पाणी तेवढं वेगळं, पितळी गडव्यात झाकलेलं. त्याला कुणी हात लावायचा नाही. डाव्या तळहातावर लिंग घ्यायचं, त्यावर चमचाभर पाणी, भस्म, बेलाचं पान. आणि हातावर उरलेलं ते थेंबभर तीर्थ. त्या दिवसांत त्या थेंबाची चव मी जितकी नीट घेतली तितकी पुन्हा कधी घेतली नाही.

सिस्टरची ड्युटी आणि टँकरची वेळ एकच पडायची. म्हणून तिची घागर मी लायनीत लावायची. महिनाभर लावली. मग त्या आठवड्यात, माझी पाचवीची वार्षिक परीक्षा चालू असताना, सिस्टर सणाला मुदखेडला निघाली. रिक्षा दारात उभी, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं कुलूप लावायची खटपट. मला बघून ती परत आत गेली, माठाखाली ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. निळ्या-लाल चांदीच्या कागदातलं, मुठीत मावेल एवढं. बहिणीनं परदेशातून पाठवलं होतं. “ईस्टरचं अंडं हाय, बेटा,” ती म्हणाली. “पाणी व्हायच्या आत खाऊन टाक.” आणि रिक्षा गेली.

अंडं म्हणाली. मी ऐकलं, नाही असं नाही. पण आमच्या शाळेत लेमनच्या गोळ्यांना पोरं ‘गोटी’ म्हणायची, म्हणून त्या काही खरोखरच्या गोट्या नव्हत्या. दिसायला अंड्यासारखं म्हणून अंडं, असं मी स्वतःला समजावलं. हे घरात शिजवलेलंही नव्हतं, कागदात बांधून आलेलं. म्हणजे अव्वाचा नियम याला लागत नाही, असा वकिली मुद्दाही काढला. लहान मुलाला काही खायचंच असलं की त्याच्याइतका हुशार वकील जिल्ह्यात मिळायचा नाही.

ओळीच्या मागं, रिकाम्या ड्रमांच्या आडोशाला बसून मी कागद सोलला. आत गडद तपकिरी, उन्हानं बोटांना लागायला लागलेलं. वास असा, की मी आधी नुसता वासच घेत राहिले. मग दात लावला. वरचं कवच कुडकन फुटलं, आणि आतून जिभेवर काहीतरी गार, चिकट, दाट आलं. मी त्याआधी खाल्लेलं सगळ्यात गोड म्हणजे आज्जाच्या दुकानातला गूळ आणि सणाचं पुरण. पण त्यांना चावावं लागतं. हे आपणहून पसरत होतं, टाळूला, हिरड्यांना, घशाच्या वरच्या टोकाला. मी डोळे मिटले. दुष्काळ, परीक्षा, घागर, सगळं विसरले. दोन घास गिळले आणि पुढचा घ्यावा म्हणून डोळे उघडून हातातल्या उरलेल्या अर्ध्याकडं बघितलं.

आत पांढरं होतं. आणि पांढऱ्याच्या मधे पिवळं.

बसस्टँडसमोर एक गाडा लागायचा. तो माणूस तव्याच्या काठावर अंडं आपटायचा, पांढरं पसरायचं आणि मधे पिवळा गोळा थरथरत राहायचा. अव्वा पदर नाकाला लावून मला तिथून ओढत न्यायची, आणि मी मान मागं वळवून बघायची. त्यामुळं मला पक्कं ठाऊक होतं आत काय असतं ते. माझ्या हातात तेच होतं. वरून चॉकलेट लावलेलं खरोखरचं अंडं मी अर्धं खाल्लं होतं, आणि गळ्यात लिंग होतं.

ओकारी काढायचा प्रयत्न केला, येईना. आणि खरी लाज तर पुढंच होती. ते मला आवडलं होतं. अजून तोंड गोड होतं, आणि जीभ माझं न ऐकता दातांच्या फटीतून राहिलेलं शोधत होती. मला वाटलं, असं आहे होय! म्हणून लोक अंडं खातात. इतकं गोड असल्यावर खाणारच. पाप कडू असतं तर बरं झालं असतं, असं तेव्हा काही सुचलं नाही; सुचलं एवढंच, की हे अव्वाला कळता कामा नये.

उरलेलं अर्धं टाकू कुठं? उकिरड्यावर टाकावं तर कुत्रं आणून दारात ठेवायचं. मातीत पुरावं तर खणताना कुणी बघायचं. शेवटी कागदात गुंडाळून पावडरच्या रिकाम्या डब्यात घातलं आणि डबा ट्रंकेमागं सारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक तांब्या पाण्यात आंघोळ झाली आणि मी पूजेला बसले. गळ्यातली डबी उघडायला हात वर नेला. नेला तसाच राहिला. या हातानं ते अंडं धरलं होतं. या तोंडात ते गेलं होतं. त्याच तळहातावर लिंग घ्यायचं, त्याच जिभेवर तीर्थ? माझ्यानं होईना. अव्वा कधीच लायनीत गेली होती, अप्पा कचेरीच्या घाईत होते. मी डोळे मिटून ओठ हलवले, डबी न उघडताच उठले. आणि पूजा नाही तर जेवण नाही, हे तर ठरलेलंच. माझ्या वाटची भाकर दारात आलेल्या गाईला घातली आणि मराठीच्या पेपरला गेले. निबंधाला विषय होता ‘माझा आवडता सण’. काय लिहिलं, देव जाणे.

संध्याकाळी पोट दुखतंय म्हणून सांगितलं. अव्वानं ओवा दिला. तो हातात घेतला आणि खिडकीतून टाकला. दुसरा दिवस सुट्टीचा. पुन्हा तीच डबी, तीच गाय. गाय मात्र वेळेवर यायला लागली. पाणी प्यायचे, आज्जाच्या चुलत्याइतकी हिंमत माझ्यात नव्हती, आणि प्रत्येक घोटाला वाटायचं, हाही एक गुन्हा. तो विहिरीच्या काठावर बसलेला माणूस सारखा डोळ्यांपुढं यायचा. त्याला निदान बुडी मारणारा होता. माझ्यासाठी कोण कशात बुडी मारणार होतं? लिंग गळ्यातच होतं, हरवले होते ती मीच. स्वामींना कळलं तर ते काढून घेतील, घरात माझं ताट वेगळं मांडतील, गावात भावकीला कळेल. अकरा वर्षांच्या डोक्यात हे सगळं एका ओळीत लागलेलं होतं. सिस्टरला विचारावं तर ती मुदखेडला. आणि विचारायचं तरी काय? तिनं तर तोंडानं सांगितलं होतं, अंडं हाय म्हणून.

माणूस उपाशी राहिला की त्याला वास फार येतात. मास्तरांच्या घरची फोडणी, कुणाच्या तरी दारातली भिजवलेली डाळ, भाकरीचा पापुद्रा उचलतानाची ती वाफ. त्या तीन दिवसांत आमच्या ओळीत कुणी काय रांधलं, ते मी आजही सांगू शकेन.

तिसऱ्या दिवशी गणिताचा पेपर देऊन आले तर टँकर आलेला. अव्वा पुढं, मी मागं. माझी घागर भरली, मी ती कमरेवर घेतली, आणि चार पावलांवर डोळ्यांपुढं पांढरं आणि पिवळं झालं. घागर पडल्याचा आवाज मी ऐकला. मग बायांचा एकदम आलेला श्वास. त्या दिवसांत भरली घागर सांडणं म्हणजे काय, ते ज्यानं दुष्काळ काढलाय त्यालाच कळेल. माती ते पाणी पिऊन टाकत होती आणि मी त्यात बसले होते. कुणी तरी म्हणालं, अगं पोरीकडं बघा आधी. अव्वानं आपली घागर तिथंच सोडली आणि मला उचलून घरी आणलं.

भाऊ रडायला लागला म्हणून तिनं त्याला मास्तरीणबाईंकडं पाठवलं. मग माझ्या गालाला हात लावला, पोटाला लावला, आणि विचारलं की शेवटचं कधी जेवलीस. तिच्या आवाजात राग असता तर मी काही तरी थाप मारली असती. राग नव्हता, म्हणून मला रडू फुटलं.

“अव्वा, मी अंडं खाल्लं,” मी म्हणाले.

मी सगळं सांगितलं: सिस्टर, कागद, पांढरं, पिवळं, डबी न उघडणं, गाय. गोड लागलं तेही सांगितलं. ते सांगितल्याशिवाय सांगणं पुरं झालं नसतं. अव्वा भिंतीला टेकून ऐकत होती. मग म्हणाली, “राहिलेलं कुठाय?”

मी ट्रंकेकडं बोट दाखवलं. दाखवायचीही गरज नव्हती म्हणा. भिंतीच्या कडेनं मुंग्यांची लांबच लांब लाईन लागलेली, टँकरच्या लायनीपेक्षा शिस्तीत. अव्वानं डबा ओढला, झाकण काढलं. चॉकलेट वितळून कागदाला बसलं होतं, पण मधलं पांढरं आणि पिवळं तसंच ओळखू येत होतं. तिनं ते बराच वेळ बघितलं. वास घेतला. मग उठून दाराला कडी लावली. परत येऊन बसली, फुंकर मारून मुंग्या उडवल्या. पदराखाली, गळ्यातल्या लिंगावर एक हात ठेवला. दुसऱ्या हाताचं बोट त्या पांढऱ्या-पिवळ्यात बुडवलं आणि आपल्या जिभेवर ठेवलं.

मी तिच्या तोंडाकडं बघत होते. तिनं डोळे मिटले, जीभ आत फिरवली, गिळलं.

“गोड हाय,” ती म्हणाली. “अंडं गोड नसतंय. ही साखर हाय नुसती. ऊठ, आंघोळ कर.”

बस्स. एवढंच. माझा जीव असा भांड्यात पडला, की तो आवाज मला ऐकू आला असं आजही वाटतं. अंडं गोड नसतंय! इतकी साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती आणि त्यापायी मी तीन दिवस गाईला भाकरी घालत होते. अव्वानं त्या दिवशी मला तांब्यानं नाही, बादलीनं आंघोळ घातली. साठवलेलं सगळं पाणी माझ्या डोक्यावरून ओतलं, परातीत उभं न करता. पाणी खाली वाहून चाललं होतं आणि ती अडवत नव्हती. मग स्वतः माझ्या गळ्यातली डबी उघडली, लिंग माझ्या तळहातावर ठेवलं. मी पूजा केली. तीर्थ घेतलं. मग भाकर, तिच्यावर तेल आणि शेंगदाण्याची चटणी, बाजूला घट्ट वरण. मी दोन भाकरी खाल्ल्या. ती समोर बसून बघत राहिली, मधेच म्हणाली की सावकाश खा, घशात अडकंल. आणि आणखी एक म्हणाली, अप्पांना सांगायची काही गरज नाही. मला वाटलं, काही झालंच नाही तर सांगायचं तरी काय.

त्या दुपारी मी जी झोपले ती दिवेलागणीला उठले. पत्रे तापलेले, अंगाखाली चटई, आणि आत सगळीकडं मोकळं मोकळं. परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन आल्यावर वाटतं तसं, पण त्याच्या शंभरपट. मोठेपणी मी दोन वेळा ऑपरेशन टेबलावरून सुखरूप उतरले, मुलीचा हरवलेला दाखला ऐन वेळी सापडलेला बघितला, पण सुटका म्हटलं की मला ती चटईच आठवते. पोट भरलेलं, केस ओले, आणि आपण अजून आपल्याच घरात आहोत.

चार दिवसांनी सिस्टर परत आली. तिनं कुलूप उघडलं न उघडलं तोच अव्वा तिच्या उंबऱ्यापाशी उभी. मी मागं होते. अव्वानं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, की त्या पोरीला दिलं त्याच्यात काय काय असतंय. सिस्टर म्हणाली, वरून चॉकलेट, आतमधी साखरेचा पाक घोटून पांढरा करतेत, त्याच्यातच पिवळा रंग. आकार तेवढा अंड्याचा. मग तिच्या काही तरी लक्षात आलं आणि तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, अरे खुदा, भाभी, तुम्हाला वाटलं तरी काय? मी तुमच्या लेकराला तसलं देईन का?

अव्वा एकदम खालीच बसली. सिस्टरच्याच उंबऱ्यावर. तिनं पदरानं तोंड पुसलं, मान पुसली, आणि हसायला लागली. थांबेचना. सिस्टरही हसायला लागली, दोघींच्या डोळ्यांतून पाणी. मला त्यात एवढं हसण्यासारखं काही दिसेना. साखर आहे हे अव्वानं तर आधीच सांगितलं होतं. मोठ्या माणसांना उन्हाळा बाधतो, असं समजून मी खेळायला गेले.

त्यानंतर अव्वा सिस्टरच्या घरचा चहा प्यायला लागली, असं काही मी सांगणार नाही. नाही प्याली. माणसं एका उन्हाळ्यात तेवढी बदलत नाहीत. पण नागपंचमीला, दिवाळीला पहिलं ताट सिस्टरकडं जायचं, आणि ताट घेऊन अव्वा स्वतः जायची. माझ्या हाती पाठवायची नाही.

बारावी झाल्यावर मी नांदेडला कॉलेजात गेले. वसतिगृहात माझ्या खोलीत देगलूरची शबाना होती. मोठी खटपटी पोरगी. पाणी तापवायची कॉइल स्टीलच्या डब्यात सोडून ती गुपचूप अंडी उकडायची. आधी मला विचारायची, तुला चालेल ना गं, खिडकी उघडू का? मी म्हणायची, उकड बाई, मी पुस्तकात तोंड खुपसते. एका दुपारी गोदावरीवरनं गरम वारा येत होता, ती अंडं सोलत बसली होती आणि मी सहज म्हटलं, गोड नसतं ना हे? ती हसली. म्हणाली, गोड? अगं, मीठमिरपूड नसली तर पिवळं कोरडी पेंड खाल्ल्यासारखं लागतं. तू चाखल्याबिगर सांगून समजायचं न्हाई.

चाखल्याबिगर समजायचं नाही. मी पुस्तक खाली ठेवलं. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या टाळक्यात उजेड पडला. आमच्या घरात अंड्याची चव कुणाला ठाऊक असणार होती? अव्वा उदगीरच्या व्यापाऱ्याची लेक. तिच्या माहेरी लसणाला सुद्धा सणावारी बंदी. आज्जा ‘ते’ म्हणून तोंड फिरवणारा. मग ट्रंकेसमोर बसून, गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून, अंडं गोड नसतंय हे ती कुठल्या आधारावर म्हणाली?

सुट्टी लागल्या लागल्या मी एसटीत बसले. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. चाकूरला गाडी थांबली तेव्हा उतरून आज्जाकडं जायचं एरवीचं ठरलेलं, पण मी उतरले नाही. दोन्ही बाजूंना काळं रान उघडं पडलेलं, उन्हानं भेगाळलेलं. मी खिडकीला डोकं लावून हिशेब करत होते, हिशेब एवढाच: साखर आहे हे सिस्टरनं सांगितलं चार दिवसांनी. त्या चार दिवसांत अव्वानं रोज सकाळी लिंग हातावर घेतलं होतं. रोज तीर्थ घेतलं होतं. काय वाटत असेल तिला तेव्हा? आणि उंबऱ्यावर बसून ती कशाला हसत होती, ते मला आत्ता, सात-आठ वर्षांनी, एसटीत कळत होतं.

घरी पोचले तर अव्वा गच्चीवर. तोवर आमचं स्वतःचं दोन खोल्यांचं घर झालं होतं. बाजेवर जुनं धोतर अंथरून ती सांडगे घालत होती. वाटलेल्या डाळीत बोटं बुडवायची आणि चिमटीनं एकेक टपका सोडायची. मी चप्पलसुद्धा काढली नाही. तशीच जाऊन समोर उभी राहिले. ती म्हणाली, सरक, तुझी सावली सांडग्यांवर पडायली.

मी सरकले. आणि विचारलं, की अंडं गोड नसतं हे तुला तेव्हा कसं ठाऊक होतं.

तिला कुठलं अंडं, कधीचं अंडं, हे विचारावं लागलं नाही. चिमटीतला सांडगा तिनं धोतरावर सोडला.

“मला कुटं ठाऊक हुतं?” ती म्हणाली.

मग मी पुढं विचारलं, ते मला विचारायचंच होतं. खरंच अंडं निघालं असतं तर? तुझी सगळी जन्माची पूजा, नेम, ते सगळं?

अव्वानं उन्हाला हात आडवा धरून माझ्याकडं बघितलं.

“तू एकलीच हुतीस त्याच्यात,” ती म्हणाली. “मनलं, आपुन बी जावं.”